ऑपरेशन तर चांगलं झालं, पुढे काय?

"या वयात कशाला ऑपरेशन?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता कुणी ते सुरू केलं की शेवट मीच मनातल्या मनात म्हणून टाकते. मे २०२५ मध्ये ते पुन्हा ऐकलं. डॉ. जयंत नारळीकर २० मे रोजी पुण्यात गेले. वय ८६. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती, असं बातमीत होतं. झालं! आमच्या संध्याकाळच्या फिरण्याच्या मंडळात लगेच निकाल लागला. "पाहा, एवढा मोठा माणूस, पुण्यासारखं शहर, तरी काय झालं? म्हाताऱ्या माणसानं चाकूखाली जाऊच नाही बाप्पा."

वास्तविक ते झोपेत शांतपणे गेले, एवढंच त्या बातमीत होतं. शस्त्रक्रियेमुळे गेले असं कुणीही म्हटलं नव्हतं. आणि गंमत अशी, की एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये हे महाराष्ट्राला आयुष्यभर सांगत आलेला हाच माणूस! २००८ साली फलज्योतिषाची परीक्षा घ्यायची ठरली तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. ज्योतिषांना कुंडल्या दिल्या, त्यांची उत्तरं मागवली आणि किती बरोबर, किती चूक ते सरळ मोजलं. त्यांच्याच नावाने आपण न मोजता निकाल द्यावा, हे काही मला रुचलं नाही. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वय झालं म्हणून खुब्याचं ऑपरेशन टाळू नये. उलट वय झालं आहे म्हणूनच ते लवकर करावं. आणि दुसरं, माझ्या मते अधिक महत्त्वाचं: ऑपरेशन म्हणजे अर्धाच उपचार. उरलेला अर्धा घरी, खाटेच्या आसपास होतो, आणि तिथे आपण आपली म्हातारी माणसं गमावतो. तेही प्रेमापोटी.

मी डॉक्टर नाही. मराठी आणि इतिहास शिकवण्यात एकतीस वर्षं गेली. पण माझी एक भाची नागपूरला फिजिओथेरपिस्ट आहे, तिला प्रश्न विचारून विचारून मी हैराण केलं आहे. शिवाय सत्तरी ओलांडल्यावर आसपासची इतकी माणसं पडलेली पाहिली, की हा विषय आपोआप अभ्यासाला लागला. कुणाला औषधोपचार सांगण्यासाठी हे लिहीत नाही. ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

आधी हे हाड नेमकं कुठलं ते पाहू. आपण सरसकट "कमरेचं हाड मोडलं" म्हणतो. पण बहुतेक वेळा कंबर शाबूत असते, मोडतं ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक. मांडीचं हाड वर जाऊन आतल्या बाजूला वळतं आणि त्याच्या टोकाशी मोठ्या लिंबाएवढा गोळा असतो. तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. हा खुब्याचा सांधा. गोळा आणि खालचं हाड यांच्यामध्ये एक अरुंद मान असते. म्हातारपणी हाडं ठिसूळ झाली की बाथरूममध्ये पाय घसरण्याएवढं साधं निमित्त पुरतं, आणि मोडतं ते या मानेशी किंवा मानेच्या जरा खाली.

या दोन जागांमध्ये फरक आहे, आणि तो घरच्यांना समजला तर डॉक्टरांचं बोलणं पुष्कळ सोपं होतं. गोळ्याला रक्त मुख्यतः मानेवरून चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. मान मोडून हाड सरकलं की हा पुरवठा तुटण्याची भीती असते. मग हाड जोडलं तरी ते सांधेल याचा भरवसा नाही. म्हणून वयस्कर माणसात गोळा काढून धातूचा बसवतात. आपल्याकडे "बॉल बदलला" म्हणतात तो हाच. कधी वाटीही नवीन घालतात. मानेच्या खाली मोडलं असेल तर तिथे रक्ताचा पुरवठा चांगला असतो, हाड सांधतं. पण ते जागेवर धरून ठेवायला हवं. तिथे सळई किंवा स्क्रू-प्लेट टाकतात. म्हणजे शेजारच्या काकूंचा बॉल बदलला आणि आपल्या आईला रॉडच का टाकला, असा संशय घ्यायचं कारण नाही. दोघींचं मोडलेलंच वेगळं असतं.

माझ्या लहानपणी, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, आमच्या गावाकडे यातलं काहीच नव्हतं. वडिलांची आई पडवीच्या पायरीवरून पडली. पायाला दोरीने वजन बांधून तिला खाटेवर निजवलं. खाटेच्या पायथ्याशी खाली विटा लावलेल्या मला स्वच्छ आठवतात. ती सव्वातीन महिने तशीच होती. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ झाला. ती गेली तेव्हा घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही, कारण म्हाताऱ्या माणसाचा पाय मांडीतून मोडला म्हणजे आता थोडे दिवस, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असे.

हे चित्र बदललं त्यामागे मोठा इतिहास आहे. जर्मनीत गेरहार्ड कुंट्शर या सर्जननी १९४० च्या सुमारास मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून दाखवली. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि खास प्लास्टिकची वाटी असा सांधा बसवला. आज जगभर होणारी खुब्याची सांधेबदल शस्त्रक्रिया त्याच रांगेतली. आपल्याकडे सांधा बदलणं घराघरांत माहीत झालं ते मात्र गुडघ्यामुळे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया २००० मध्ये आणि दुसऱ्याची २००१ मध्ये मुंबईत झाली. तेव्हापासून प्रत्येक लग्नात निदान एक तरी मावशी गुडघ्याची गोष्ट सांगताना भेटते!

पण गुडघा आणि मोडलेला खुबा यांची गल्लत करू नका. गुडघ्याचं ऑपरेशन आपण ठरवून करतो. दिवाळी झाली की करू, नातीचं लग्न उरकलं की करू. मोडलेला खुबा असा थांबत नाही. तो मोडतो त्या रात्रीपासून घड्याळ सुरू होतं.

आणि इथेच आपला पहिला घोटाळा. पडल्यावर पहिला दिवस "मुका मार असेल" यात जातो. दुसरा दिवस शेकण्यात. मग कुणीतरी हाड बसवणाऱ्याचं नाव सांगतं, तो येऊन तेल लावतो, बांबूच्या कामट्या बांधतो. मुलगा पुण्याला किंवा सुरतेला असतो, तो येईपर्यंत निर्णय होत नाही. आल्यावर पैशाची जुळवाजुळव. या सगळ्यात चार-सहा दिवस सहज जातात. पडलेला पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं असेल आणि माणसाला टाच उचलता येत नसेल, तर शेकत बसू नका, एक्स-रे काढा. एवढं तरी प्रत्येक घराला माहीत हवं.

इंग्लंडमध्ये नियमच आहे, की खुबा मोडलेल्या माणसाचं ऑपरेशन दाखल झालेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं. तिथे २००७ पासून अशा रुग्णांची देशभर नोंद ठेवली जाते. हाडाचे डॉक्टर आणि वृद्धांचे डॉक्टर मिळून रुग्ण पाहतात, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं करतात. नोंद सुरू झाली तेव्हा महिन्याभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात दहा-अकरा होतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते सहा-सातवर आलं. नवीन औषध कुठलंच निघालं नव्हतं बरं का! तीच कामं वेळेवर आणि सगळ्यांसाठी करायला लागले, एवढंच.

लवकर म्हणजे किती लवकर? यावर १७ देशांतल्या ६९ रुग्णालयांत मिळून मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. जवळजवळ तीन हजार रुग्ण होते. निम्म्यांचं ऑपरेशन निदानानंतर साधारण सहा तासांत, बाकीच्यांचं साधारण चोवीस तासांत. मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही: ९ टक्के आणि १० टक्के. पण लवकर केलेल्यांमध्ये भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं, ती माणसं लवकर उभी राहिली आणि लवकर घरी गेली. म्हणजे तास-दोन तासांसाठी जीव टांगणीला लावू नये हे खरं. पण तिथे वाद सहा तास की चोवीस तास असा आहे, आणि आपण सहा दिवस घालवतो!

आता, प्रत्येकाचं ऑपरेशन व्हावंच असंही नाही. नेदरलँड्समध्ये, नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या, आधीच अतिशय खंगलेल्या वृद्धांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे थोडाच काळ उरला होता अशांना आणि घरच्यांना नीट समजावून निर्णय घ्यायला दिला. ज्यांनी ऑपरेशन नको म्हटलं त्यातले बहुतेक महिन्याभरात गेले, पण वेदनांवर चांगले उपचार मिळाल्यामुळे त्यांचे दिवस ऑपरेशनवाल्यांपेक्षा वाईट गेले नाहीत. हा मार्ग मला सन्मानाचा वाटतो. पण तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. पडण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत स्वतःच्या पायाने देवळात जाणाऱ्या बाईला "या वयात कशाला" म्हणून खाटेवर टाकणं म्हणजे तो मार्ग नव्हे. तिथे ऑपरेशन न करणं हाही एक निर्णयच असतो, फक्त तो घेतला असं कुणी कबूल करत नाही.

आता मुख्य मुद्दा, तो दुसरा अर्धा.

माझ्या थोरल्या जाऊबाई आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी राहत. एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. पहाटे अंगणात पडल्या. चार दिवस तेल-मालिशीत गेले, मग मोठ्या दवाखान्यात नेलं. रॉड टाकला. ऑपरेशन उत्तम झालं, एक्स-रे पाहून डॉक्टर खूश होते. सातव्या दिवशी वॉकर धरून दारापर्यंत चालल्या, आणि घरी आल्या. घर भरलेलं. तीन मुलं, सुना, नातवंडं. सगळी प्रेमळ, खरोखर प्रेमळ. "माय, तू उठू नको. माय, तुले काय पाहिजे ते सांग." पाणी हातात, ताट हातात, भांडं खाटेखाली. कुणी भेटायला आलं की तेच: "बुढीले काऊन चालवता? आयुष्यभर वावरात राबली, आता पडू द्या आरामानं." मी गेले की हात देऊन उठवायची, चार पावलं चालवायची. माझी भाचीही एकदा येऊन व्यायाम दाखवून गेली. पण आम्ही परतलो की वॉकर पुन्हा भिंतीला. त्यावर टॉवेल वाळत घातलेला मी पाहिला आहे.

तिसऱ्या महिन्यात त्यांना खाटेवर स्वतःहून बसता येईना. माकडहाडापाशी जखम झाली. जेवण कमी झालं. सातव्या महिन्यात त्या गेल्या. एक्स-रेमध्ये हाड तोवर छान सांधलेलं होतं.

त्याच गावात, आमच्या घरामागे, वावरात निंदायला आणि कापूस वेचायला जाणारी एक बाई आहे. तेव्हा शहात्तर वर्षांची. तीही पडली, तिचा बॉल बदलावा लागला. सरकारी योजनेतून, तिसऱ्या दिवशी. घरी ती आणि तिची मुलगी दोघीच. मुलगी मजुरीला गेली नाही तर चूल पेटणार नाही. म्हणजे सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत घरात दुसरं कुणी नाही. तिला उठावंच लागलं. जावयाने खाटेपासून मोरीपर्यंत बांबूचा कठडा बांधून दिला, शेजारच्या सुताराने खाटेचे पाय विटांवर चढवून उंच केले, आणि आशाताई दोन-तीनदा येऊन गेल्या. ती रडत होती, शिव्या देत होती, पण उठत होती. आज ती काठी घेऊन आठवडी बाजारात जाते. पाय किंचित आखूड झाला आहे, थंडीत दुखतो, उकिडवं बसणं बंद झालं. वावरात जाणं सुटलं ते सुटलंच. पण आपलं आपण करते.

गरिबी माणसाला चालवते, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. ती एकटी असताना पुन्हा पडली असती तर? अशी पडलेली माणसंही मी पाहिली आहेत. आणि दोन उदाहरणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मी वरच सांगून बसले आहे. म्हणून मोजलेलं काय आहे ते पाहू.

२००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. साठीपुढच्या धडधाकट माणसांना, कुठलाही आजार नसताना, दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. दहाच दिवस! तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ एक किलोने घटलं. धडधाकट माणसाचं हे होतं, तर ज्याचं हाड मोडलं आहे, रक्त गेलं आहे, जेवण तुटलं आहे, त्याचं काय होत असेल? आपण म्हणतो हाड सांधेपर्यंत पडून राहू दे. पण हाड सांधेपर्यंत चालायला लागणारं मांसच उरत नाही. आणि ऑपरेशन करतात तेच मुळी माणसाला लगेच उठवता यावं म्हणून. सळई आतून धरून ठेवते ते कशासाठी? आपण उभं राहावं यासाठी. तेवढे पैसे आणि तेवढ्या वेदना खर्चून पुन्हा खाटेवरच ठेवायचं असेल, तर माझ्या आजीच्या पायाला बांधलेल्या विटा काय वाईट होत्या?

जगभरचे आकडे असे, की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चौथा हिस्सा वर्षभरात जातो, आणि राहतात त्यातल्या साधारण निम्म्यांनाच पूर्वीसारखं चालता येतं. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. यातले काही जण आधीच्या आजारांनी जातात, त्याला इलाज नाही. पण छातीत कफ साचणं, पायात रक्ताची गाठ होणं, पाठीच्या जखमा, लघवीचा संसर्ग, ही सगळी पडून राहण्याची पोरं आहेत. ती पुष्कळ अंशी टाळता येतात.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास राहून जाते. एक हाड सहज मोडलं म्हणजे बाकीचीही ठिसूळ आहेत. पुढचं मोडायची वाट पाहायची का? वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं हाडांसाठीचं एक इंजेक्शन आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खुबा मोडल्यावर ते दिलेल्यांमध्ये नव्याने हाड मोडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं २८ टक्क्यांनी कमी आढळलं. ते सगळ्यांना चालत नाही, मूत्रपिंड तपासावं लागतं, आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम ठीक हवं. पण विचारायला तर हवं! माझ्या ओळखीत ऑपरेशन झालेल्या नऊ जणांपैकी फक्त एकीच्या घरी हाडांच्या औषधाबद्दल बोलणं झालं होतं.

घरी पाठवताना हातात जो कागद देतात त्याबद्दल थोडं बोलते. जाऊबाईंचा कागद मी वाचला. पूर्ण पान इंग्रजीत. कोणता रॉड, किती लांबीचा, कोणती भूल, सगळं होतं. चालण्याबद्दल शेवटी एक ओळ: फिजिओथेरपीचा सल्ला दिला. कुणी द्यायची, कुठे, किती दिवस, पायावर किती भार द्यायचा, काही नाही. घरात तो कागद वाचू शकणारा एक नातू, तो बारावीला. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, की ज्याला वाचायचं आहे त्याच्या भाषेत लिहा. सात ओळी मराठीत छापून द्यायला किती खर्च येतो?

आता आपल्या जिल्ह्याचं. वर्धा जिल्हा या बाबतीत खरं तर भाग्यवान. सेवाग्रामला १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, ग्रामीण भागातलं देशातलं पहिलं. १९९० मध्ये सावंगी मेघेला दुसरं झालं, तिथे पुढे फिजिओथेरपीचं महाविद्यालयही निघालं. पैशाचा अडसरही पूर्वीसारखा राहिला नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण १ जुलै २०२४ पासून वाढून वर्षाला ५ लाखांचं झालं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, कार्ड मिळतं. ज्यांनी अजून काढलं नसेल त्यांनी आधार कार्ड घेऊन उद्याच जावं. पडल्यावर काढायला धावू नये.

पण या योजना दवाखान्याच्या दारापर्यंत येतात आणि घरी परतल्यावर पहिले काही दिवस. त्यापुढचे तीन महिने कुणाचे? आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या खेड्यातली बाई आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी वर्ध्याला येणार कशी? एसटी बसची पायरी तिला चढता येत नाही म्हणूनच तर व्यायाम हवा आहे! शस्त्रक्रियेसाठी लाख रुपये देणारं सरकार चालायला शिकवण्यासाठी काही हजार देत नसेल, तर ते लाख रुपयेही वाया जातात, हे हिशेबातलं साधं गणित आहे.

माझी मागणी अशी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट असावा आणि त्याने आठवड्यातले दोन दिवस गावांत फिरावं. दवाखान्याने माणूस घरी सोडला की त्या गावच्या आशाताईंना कळवावं, जसं बाळंतिणीचं कळतं तसं. बाळंतिणीला भेटायला घरी जायचं ही पद्धत आपण बसवली आणि ती चालते. मग खुबा मोडलेल्या म्हातारीलाही तीन महिने ठरावीक भेटी का नसाव्यात?

सरकार करील तेव्हा करील. तोवर गावाने करण्यासारखं पुष्कळ आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी ज्वारीवर चालणारी विमा योजना काढली होती. सुगीला घरटी ठरलेली ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात दवाखान्याची सेवा मिळवायची. आरोग्य विमा हा शब्द आपल्या खेड्यांत कुणाला माहीत नसताना हे या जिल्ह्याने केलं आहे. मग एक वॉकर, एक कमोडची खुर्ची आणि दोन काठ्या प्रत्येक गावच्या बचत गटाकडे ठेवायला काय हरकत आहे? लग्नाची भांडी गावात सामाईक असतात तशीच ही सामाईक. तीन महिने वापरायची, धुऊन परत करायची. आमच्या महिला मंडळाने गेल्या वर्षी दोन वॉकर घेतले. दोन्ही सध्या बाहेर आहेत, तिसऱ्यासाठी वर्गणी सुरू आहे.

दवाखान्यात असताना चार प्रश्न मात्र विचाराच. ऑपरेशन कधी, आणि उशीर होत असेल तर कशामुळे? उभं कधी करणार, आणि त्या पायावर भार द्यायचा की नाही? घरी कोणते व्यायाम, दिवसातून किती वेळा, ते मराठीत लिहून द्याल का? आणि हाडं मजबूत करायला काय देणार? हे विचारलं म्हणून कुणी डॉक्टर रागावत नाही. मी विचारले आहेत. एका तरुण डॉक्टरने तर खुर्ची ओढून बसून, माझ्याच वहीत चित्र काढून समजावलं.

आणि ज्यांचं काही मोडलेलं नाही त्यांनी? मोरीत कठडा बसवा. रात्री दिवा असू द्या. दाराशी सरकणारं पायपुसणं काढून टाका. नवीन घरांत गुळगुळीत टाइल्सची फॅशन आली आहे, सारवलेल्या जमिनीवर आमच्या सासूबाई कधी घसरल्या नाहीत! निदान न्हाणीघरात तरी खडबडीत फरशी घाला. रोज थोडं उन्हात चाला, आणि हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. मी करते. शेवटच्या दोन वेळा गुडघे कुरकुरतात.

आपला जिल्हा तसा चालणाऱ्यांचा. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा पंचावन्न वर्षांचे असताना इथूनच पायी हैदराबादकडे निघाले. त्या प्रवासात भूदान सुरू झालं, आणि चालत चालत देश पालथा घालून ते १९६४ मध्ये पवनारला परतले. आपल्या घरच्या आजीला देश पालथा घालायचा नाही. तिला खाटेपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून तुळशीपर्यंत जायचं आहे. तेवढं तिला तिच्या पायांनी जाऊ द्या. पाण्याचा तांब्या हातात देऊ नका, चार पावलांवर ठेवा आणि बाजूला उभे राहा. ती चिडेल. शेजारीण म्हणेल, काय निर्दयी सून आहे. म्हणू द्या.

असो. नेहमीप्रमाणे लांबलंच. पुण्या-मुंबईच्या, आणि तिकडे अमेरिकेतल्या आमच्या मंडळींनो, तुमच्याकडे अशा माणसांना घरी आल्यावर कोण चालवतं, त्याचा खर्च कोण देतं, हे जरूर लिहा. इथल्या पंचायत समितीला निवेदन द्यायचं आहे, त्यात उपयोगी पडेल. आणि गावी फोन कराल तेव्हा "आई, आराम कर" म्हणण्याऐवजी "आई, आज किती वेळा उठलीस?" असं विचारून पाहा.